वळणाआडचे साठ मीटर

चढ संपून उतार सुरू होतो तिथला रस्त्याचा माथा किती गोलाई देऊन बांधायचा, हे एका दगडावरून ठरतं. दगड १५ सेंटिमीटर उंचीचा. पंक्चर काढताना ट्रकच्या चाकाखाली लावलेला आणि मग रस्त्यातच विसरलेला असतो, साधारण तेवढा. पाहणाऱ्याचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर धरायचा, कारण मोटार चालवणाऱ्याचा डोळा जवळपास तिथेच असतो. या दोघांना जोडणारी सरळ रेषा मधल्या डांबरात कुठेही घुसता कामा नये. ३० मीटरला १ मीटर असा चढ आणि तसाच उतार जिथे भेटतात, तिथे ताशी ५० किलोमीटर वेगासाठी माथा सुमारे ५४ मीटर लांबीत हळूहळू झुकवावा लागतो. आपण तो दोन-चार सेकंदांत ओलांडतो आणि कुणीतरी तिथे आपल्या डोळ्यांचा हिशेब करून ठेवलाय हे जाणवतही नाही.

हे आकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या संहितेतले. १९२७ साली मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्ते समितीच्या कामातून पुढे १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर ते हेच. अमेरिकेच्या मानकांत २००१ पासून दगडाची जागा ६० सेंटिमीटर उंचीच्या वस्तूने घेतली, म्हणजे पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याएवढ्या. आपण १५ वरच राहिलो ते योग्यच केलं. आपल्याकडे रस्त्यावर कुत्रं झोपलेलं असतं, आणि त्याला मागे दिवा नसतो.

मूळ नियम एका ओळीचा आहे. गाडी थांबवायला जेवढा रस्ता लागतो, किमान तेवढा रस्ता चालकाला पुढे दिसला पाहिजे. अभियंते याला स्टॉपिंग साईट डिस्टन्स म्हणतात. सपाट मुलखातल्या ग्रामीण रस्त्याची आखणी ताशी ५० किलोमीटर वेग धरून होते आणि त्या वेगाला हे अंतर साधारण ६० मीटर येतं. त्यातले ३५ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असतात! दगड दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरलेले आहेत. या सेकंदांची फोड शिकवताना अभियांत्रिकीच्या वर्गात चार टप्पे सांगतात: डोळ्यांना दिसणं, मेंदूला उमगणं, भावना आणि निर्णय. भावना! दचकण्याला, क्षणभर गोंधळण्याला रस्त्याच्या गणितात रीतसर जागा आहे, तीसुद्धा मीटरमध्ये मोजलेली. मला हे फार विलक्षण वाटतं. उरलेले सुमारे २७ मीटर टायर आणि डांबराच्या घर्षणाचे. वेग १०० केला तर पहिला भाग दुप्पट होतो, पण हा दुसरा चौपटीहून थोडा जास्त, आणि एकूण अंतर ६० वरून थेट १८० मीटरवर जातं.

पण खरी गंमत वळणावर आहे. वळणावर चालकाची नजर रस्त्याच्या आतल्या अंगाने, शेतातून आडवी जाते. वळणाची त्रिज्या ९० मीटर असेल आणि ६० मीटर पुढचं दिसायला हवं असेल, तर वळणाच्या मध्यावर आतल्या बाजूला सुमारे ५ मीटर पट्टा मोकळा लागतो. म्हणजे रस्त्याची सुरक्षितता रस्त्याबाहेर, दुसऱ्याच्या बांधावर ठरते. कोल्हापूर-सांगलीकडे त्या बांधापलीकडे ऊस असतो. आडसाली असेल तर जवळजवळ दीड वर्ष उभा, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. कारखाना सुरू होतो, तोडणीची टोळी येऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावरून समोरची मोटारसायकल, तिच्यामागची बैलगाडी, पलीकडची विहीर असं सगळं दिसायला लागतं. खडी तीच, डांबर तेच, पण त्या रस्त्याचं साईट डिस्टन्स एका दिवसात वाढलेलं असतं.

आता यात समोरून येणारी गाडी धरा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता बहुधा पावणेचार मीटर रुंदीचा, एकपदरी. दोन्ही गाड्या एकाच पट्ट्यावर समोरासमोर, आणि दोघींनाही थांबायला आपापले ६० मीटर हवेत. म्हणून एकपदरी रस्त्यावर १२० मीटर दिसायला हवं. अंतर दुप्पट झालं की मोकळा पट्टा चौपटीच्या आसपास वाढतो: त्याच वळणावर, रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजून, सुमारे १९ मीटर. एवढी जमीन वळणावळणाला कोण सोडणार?

हेच गणित उलटं चालवून बघा. वेग ताशी २५ वर आणला की प्रत्येक गाडीला २५ मीटर पुरतात, दोन्ही मिळून ५०. आणि मोकळा पट्टा लागतो फक्त साडेतीन मीटर. डांबराच्या दोन्ही बाजूंच्या साईडपट्ट्या धरून हा रस्ता साडेसात मीटर रुंद असतो, म्हणजे मध्यापासून पावणेचार. साईडपट्टीवर झुडपं, खडीचे ढीग नसले, तर ऊस अगदी कडेपर्यंत उभा असतानाही वळण सुरक्षित पार होतं. वेग निम्मा केला एवढ्यावर सोळा मीटर शेत वाचलं.

तेव्हा उसाच्या वळणावर हॉर्न द्याच, पण त्याआधी काटा पंचविसावर आणा. आणि वळणाच्या आतल्या अंगाला ज्यांचं शेत आहे, त्यांना एक विनंती: साईडपट्टीला लागून पाच सऱ्या ऊस न लावता भुईमूग घ्या, हरभरा घ्या. साडेचार फुटी सरी असेल तर तेवढ्या पट्ट्याने ९० मीटर त्रिज्येच्या वळणावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या ताशी ४० च्या जवळपास वेगातूनही वेळेत थांबू शकतात.