इतिहास-भूगोलाच्या बाई व्हायचंय? आधी पायऱ्या समजून घेऊ

गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, की मुलांच्या शिक्षणाचा विषय निघतोच. "मुलगी बी.ए. झाली, आता तिला शाळेत बाई व्हायचंय, तर पुढं काय करायचं?" हा प्रश्न आम्हाला खूपदा ऐकायला मिळतो. कधी तो लेकीसाठी असतो, कधी सुनेसाठी. कधी तर विचारणारीच्या स्वतःच्या मनात ती इच्छा असते. म्हणून आज आपण इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवणारी शिक्षिका होण्याची वाट समजून घेऊ. या विषयांना मिळून सामाजिक शास्त्रे म्हणतात.

या वाटेवर चार पायऱ्या आहेत: पदवी, बी.एड., टीईटी आणि भरतीची चाचणी. बारावीनंतर किमान पाच वर्षं लागतात. क्रम चुकला किंवा पायरी कच्ची राहिली, तर वर्षंही जातात आणि घरचा पैसाही जातो. म्हणून पैसे भरण्याआधी चौकशी, हे सूत्र आजच्या भागात आम्ही पुन्हा पुन्हा सांगणार आहोत.

पहिली पायरी पदवीची. बी.ए.ला विषय निवडतानाच शिक्षकीचा विचार करायला हवा. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र यांसारखे विषय घेतले असतील, तर पुढं बी.एड.ला त्याच विषयांची अध्यापन पद्धती मिळते आणि भरतीतही पदवीचा विषय पाहिला जातो. बी.एड.च्या प्रवेशासाठी पदवीला ५० टक्के गुण लागतात, आपल्या राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५ टक्के. म्हणजे नुसतं पास होऊन भागत नाही.

मध्येच शाळा सुटलेल्या मैत्रिणींनीही निराश होऊ नये. बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घर-शेती सांभाळत बी.ए. करता येतं. हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्याच्या पदवीवर बी.एड.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो.

दुसरी पायरी बी.एड.ची. हा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा आहे. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यात १०० प्रश्न असतात आणि वेळ दीड तास. बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षकी पेशाचा कल यांवर ते प्रश्न असतात.

इथं एक गोष्ट नीट ऐका. बी.ए. घरी बसून झालं, तसं बी.एड.ही होईल, असं बऱ्याच जणींना वाटतं. दूरशिक्षणाचं बी.एड. आहे, पण ते आधीच शिक्षक-प्रशिक्षण झालेल्यांसाठी आहे. बाकीच्यांना रोज कॉलेजला जावं लागतं. वर्गात ८० टक्के हजेरी लागते. शिवाय दोन वर्षांत मिळून वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत शिकवावं लागतं आणि तिथं ९० टक्के हजेरी लागते. "यायची गरज नाही, पैसे भरा, सर्टिफिकेट घेऊन जा" असं कुणी म्हणालं, तर तिथून परत फिरा. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची, म्हणजे एनसीटीईची, मान्यता आहे का आणि त्याचं नाव सीईटी कक्षाच्या यादीत आहे का, हे दोन्ही पाहूनच फी भरा.

फीचाही विचार करू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून थेट घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. लग्न झालेल्या मैत्रिणींचे शाळेचे कागद माहेरच्या नावाचे असतात आणि आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवला, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

तिसरी पायरी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ती लागते. आपल्याकडं ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. सामाजिक शास्त्रासाठी दुसरा पेपर द्यायचा. तो सहावी ते आठवीचा. एकूण १५० गुणांपैकी बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३०-३० आणि सामाजिक शास्त्रे ६०. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. मागासवर्गीयांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

लक्षात ठेवा, पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागतं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये तसा निकाल दिला आहे.

चौथी पायरी भरतीची. त्यासाठी टेट ही २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते. नाव टीईटीसारखं वाटतं, पण परीक्षा वेगळी. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित खासगी शाळांच्या जागा भरतात. ही चाचणी दरवर्षी होत नाही. ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. बी.एड.ला वयाची अट नाही, पण सरकारी भरतीत ती असते: सर्वसाधारणपणे खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षं. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं. २०२३ पासून ते आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी महिना १६ हजार आणि नववी-दहावीसाठी १८ हजार आहे. प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे नोकरी पक्की, असं नाही. हे घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

"पाच लाख द्या, पास करून देतो" म्हणणारेही भेटतात. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं, तेव्हा सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले आणि परीक्षा देण्याचा हक्कही गेला.

एवढी खटपट कशासाठी, असं वाटेल. मैत्रिणींनो, ग्रामसभा म्हणजे काय, गावाचा पैसा कुठून येतो, नकाशात आपला ओढा कुठं आहे, हे मुलं याच तासाला शिकतात. ग्रामसभेत उभं राहून पाण्याचा प्रश्न विचारलेली, पंचायतीत सदस्य म्हणून बसलेली बाई हा धडा पुस्तकापलीकडं जाऊन शिकवू शकते. ही शिदोरी आपल्यापैकी अनेकींकडं आधीच आहे. कमी आहे तो फक्त कागद.

तो कागद मिळवायला गट मदत करू शकतो. पहिल्या फीसाठी गटातून अंतर्गत कर्ज देता येईल. शाळेतल्या सरावाच्या आठवड्यांत तिची लेकरं आळीपाळीनं सांभाळता येतील. स्मार्टफोन असलेलीनं अर्जाच्या तारखा पाहून बैठकीत सांगाव्यात. येत्या बैठकीत एवढंच करा: गावात बारावी झालेल्या आणि बी.ए. झालेल्या लेकी-सुनांची नावं वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढं तिची पुढची पायरी लिहा.