झाकणाला पाडलेली भोकं

१९५२ साल. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या पत्र्याच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनत. पत्र्याचे दोन अर्धगोल जोडले की बोया तयार. तिथेच काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांना घरामागच्या अंगणात मांस भाजायचा भारी नाद होता. पण उघड्या शेगडीवर कधी वारा राख उडवायचा, तर कधी चरबी भडकून वरचं सगळं करपायचं. त्यांनी बोयाच्या एका अर्धगोलाला तीन पाय लावले आणि दुसरा त्यावर झाकण म्हणून ठेवला. पुढची हकिकत अशी सांगतात, की झाकण लावताच निखारे मलूल व्हायला लागले. शेजारी म्हणाला, अहो, आत थोडी हवा तर जाऊ द्या. मग झाकणाला भोकं पाडली, आणि आग पुन्हा जिवंत झाली.

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात आज ग्रिलची रांग लागलेली असते. चकचकीत स्टील, चार-पाच बर्नर, बाजूला फळ्या, आत दिवे, फोनला जोडले जाणारे तापमापक. नवं ग्रिल घ्यायला गेलेला माणूस तिथे हमखास गोंधळतो. त्या रांगेकडे मी एकाच नजरेने बघतो: इथे हवा कुठून शिरते, कुठून बाहेर पडते आणि उष्णता पदार्थापर्यंत कुठल्या वाटेने पोचते? बाकी सगळा साज आहे.

वाटेपासूनच सुरुवात करू, कारण खरी गंमत तिथे आहे. उष्णता तीन प्रकारे पोचते हे शाळेत शिकलेलं असतं: तापलेल्या जाळीला टेकून, गरम हवेतून आणि किरणोत्सर्गाने. उघड्या निखाऱ्यांवर भाजताना सर्वांत मोठं काम किरणोत्सर्ग करतो. लाल निखाऱ्यांसमोर हात धरला की बसणारी झळ हवेची नसते. ऊन ज्या रीतीने अंगाला लागतं, त्याच रीतीने ती लागते. या किरणांचा नियम विलक्षण आहे. वस्तूचं निरपेक्ष तापमान दुप्पट झालं, तर तिच्यातून बाहेर पडणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, सोळापट होते. तापमानाचा चौथा घात! ३०० अंश सेल्सिअसला तापलेला लोखंडी तवा आणि ८०० अंशांचा निखारा यांची तुलना केली, तर तेवढ्याच पृष्ठभागातून निखारा जवळजवळ बारापट ऊर्जा फेकतो. पदार्थ आतून कोरडा पडायच्या आधी वरून खमंग होतो, तो या बारापटीमुळे.

यातून निघणारी एक गोष्ट ग्रिल विकणारे सहसा सांगत नाहीत. जाळी वर-खाली करायची सोय अनेक ग्रिलना असते आणि ती मोठ्या कौतुकाने दाखवतात. पण निखाऱ्यांचा थर रुंद असेल, तर जाळी दोन-तीन इंच उचलून झळ फारशी कमी होत नाही. वर सरकलं तरी पदार्थाला खालचा सगळा लाल पसारा दिसतच राहतो. झळ कमी करायची तर पदार्थ आडवा सरकवावा लागतो, निखारे नसलेल्या बाजूला. म्हणून निखारे नेहमी एका अंगाला रचावेत आणि अर्धी जाळी मोकळी ठेवावी. असं सरकवायला जागा नसेल, तर ते ग्रिल कितीही देखणं असो, रोजच्या स्वयंपाकाला अपुरं पडतं.

आता कोळसा. लाकूड हवेवाचून तापवलं की त्यातलं पाणी, डांबर आणि वास देणारे वायू निघून जातात; मागे उरतो तो बहुतांशी निव्वळ कार्बन. म्हणून चांगला कोळसा जवळजवळ धुराशिवाय जळतो आणि त्याला स्वतःची चव जवळपास नसते. मग ग्रिलची ती ओळखीची चव येते कुठून? मुख्यतः पदार्थातूनच. चरबी, तेल आणि मसाल्याचा रस निखाऱ्यावर ठिबकतो, क्षणात त्याची वाफ आणि धूर होतो, आणि तोच वर जाऊन पुन्हा पदार्थावर बसतो. बांगडा भाजताना अख्खी गल्ली दरवळते ते यामुळेच.

अमेरिकन दुकानांत कोळशाच्या ज्या उशीसारख्या वड्या मिळतात, त्यांची जन्मकथाही वेगळीच. १९२०च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी गाड्यांना बरंच लाकूड लागे. मिशिगनमधल्या गिरणीत त्याच्या भुशाचे आणि तुकड्यांचे ढीग साठत. त्यांचा कोळसा करून, तो दाबून वड्या पाडल्या आणि त्या फोर्डच्या गाड्यांच्या दुकानांतून विकल्या. हा धंदा पुढे किंग्सफर्ड या नावाने चालला. वडीची जमेची बाजू म्हणजे तिचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे ती सारख्या वेगाने जळते. ओबडधोबड लाकडी कोळसा अधिक तापतो, राखही कमी करतो; पण त्याचा अंदाज सवयीनेच येतो.

आणि इथे ती भोकं कामाला येतात. कोळशाचं जळणं त्याला किती प्राणवायू मिळतो यावर अवलंबून. खालची झडप उघडली की हवा आत येते, निखारे तापतात, गरम हवा वरच्या भोकांतून बाहेर जाते आणि जाताना खालून नवी हवा ओढून घेते. फुंकणीचं काम उष्णताच करते. खालची झडप करंगळीएवढी उघडी ठेवली तर मंद आच. सताड उघडली तर धडधडती आग. सगळं बंद केलं तर निखारे विझतात, आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येतो. वारंवार ग्रिल पेटवणाऱ्याला या बचतीचं मोल कळतं. म्हणून दुकानात कोळशाचं ग्रिल बघताना झाकण नीट बसतं का, झडप पूर्ण मिटते का, एवढं जरूर तपासावं. सैल झाकणाचं महागडं ग्रिल माझ्या लेखी भंगार.

गॅसची गोष्ट अगदी निराळी. प्रोपेनची निळी ज्योत बरीच तापते, पण ती किरणं फार थोडी फेकते. निखारा घन आहे, लालभडक चमकतो. ज्योत म्हणजे नुसता तापलेला वायू. त्यामुळे गॅसच्या ग्रिलमध्ये ज्योतीच्या वर पत्र्याच्या घड्या किंवा मातीचे तुकडे ठेवतात. ज्योत त्यांना तापवते, ते झळ फेकतात, आणि वरून ठिबकणारा रसही त्यांच्यावरच पडून धूर होतो. निखाऱ्याची नक्कलच म्हणा. काही ग्रिलमध्ये बारीक छिद्रांची मातीची फरशी असते. तिच्या पृष्ठभागावरच गॅस जळतो आणि सगळी फरशी लाल होते. ती खऱ्या निखाऱ्याच्या सर्वांत जवळ पोचते. अशी एक बाजू असलेलं गॅस ग्रिल मिळालं, तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

गॅसबद्दल एक गंमत ऐकून पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नव्हता. एक किलो प्रोपेन जाळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात! गॅसमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी जुळतो आणि वजनात भर पडते ती त्या प्राणवायूची. म्हणजे गॅसचं ग्रिल ही एक ओलसर भट्टी असते. त्यात पाठीमागे मोठी फट ठेवावीच लागते, नाहीतर जळलेला वायू आत कोंडेल. त्या फटीतून उष्णता जाते आणि धूरही जातो. गॅसवर भाजलेल्या पदार्थाला धुराचा वास कमी लागतो, त्यात रांधणाऱ्याचा काही दोष नाही.

दुसरी गंमत थंडीतली. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूप राहू पाहतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो. म्हणूनच प्रोपेनवर चालणारं अंगणातलं ग्रिल मिनेसोटाच्या बर्फातही पेटतं. द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरचीच उष्णता घेतो, त्यामुळे खूप वेळ चालवलेल्या टाकीच्या बुडाला बाहेरून दहिवर जमतं. तिथल्या साध्या टाकीत सुमारे नऊ किलो गॅस बसतो. तीन बर्नर पूर्ण उघडले तर तो तेरा-चौदा तास पुरतो.

ग्रिलवर लिहिलेल्या बीटीयूच्या (हे उष्णतेचं एकक) आकड्याने मात्र भुलू नये. तासाला ३०,००० बीटीयू म्हणजे जवळजवळ नऊ किलोवॉट, घरच्या इंडक्शनच्या चौपटीहून जास्त. पण तो आकडा फक्त तासाला किती गॅस जाळणार ते सांगतो, जाळीवर त्यातलं किती पोचणार ते नाही. पातळ झाकणाचं मोठं ग्रिल तेवढाच गॅस जाळून अंगण तापवत बसतं.

मातीचं अंड्यासारखं दिसणारं कामादो हे ग्रिल मूळचं जपानचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी ते सोबत आणलं, आणि १९७४ मध्ये अटलांटात एड फिशर यांनी ‘बिग ग्रीन एग’ सुरू केलं. त्याच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, म्हणून कोळसा थोडा लागतो, त्यामुळे हवाही थोडी लागते, आणि हवा थोडी वाहिली की पदार्थ सुकतही नाही. एका जाडीतून हे सगळं साधतं. मात्र बराच वेळ हवा कोंडून ठेवलेलं कामादो झटक्यात उघडू नये. आत उपाशी असलेले गरम वायू बाहेरची हवा मिळताच भडकून बाहेर येतात. अग्निशमन दलाचे लोक बंद खोलीचं दार उघडताना ज्याला भितात, तोच हा प्रकार. झाकण आधी दोन बोटं उचलावं, थांबावं, मग उघडावं. मोठं कामादो सत्तर किलोंच्या वर भरतं, ते वेगळंच.

लाकडी गोळ्यांवर चालणारं पेलेट ग्रिल ऑरेगॉनमधल्या जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात आणलं. मळसूत्र गोळ्या पुढे ढकलतं, पंखा हवा देतो, छोटं यंत्र तापमान राखतं. त्या गोळ्यांत बहुधा वेगळा डिंक नसतो. भुसा दाबताना तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच गोळी घट्ट बांधून ठेवतं. नंतर ती गोळी जळताना त्याच लिग्निनपासून ग्वायकॉलसारखी द्रव्यं सुटतात, आणि आपण ज्याला धुराची चव म्हणतो ती बरीचशी त्यांचीच असते.

इथे भरताच्या वांग्याकडे वळू. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत ग्रिल येतं ते मुळात भरतासाठीच. विजेच्या शेगडीवर वांगं भाजता येत नाही आणि आत प्रयत्न केला तर धुराची घंटा वाजते. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. सालीला जोराची झळ हवी, आत मात्र पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या पुढे फारसं जात नाही, आणि गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. म्हणजे इथे किरणोत्सर्ग हवा, आणि तो निखाऱ्यांकडे आहे. पण खानदेशात वांगं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या तुऱ्हाट्यांवर भाजतात, म्हणजे लाकडावर. त्यात लिग्निन शाबूत असतं. कोळशाने ते केव्हाच गमावलेलं. न्यू जर्सीत तशी चव हवी असेल, तर निखाऱ्यांवर सफरचंदाच्या किंवा हिकरीच्या लाकडाचा एखादा तुकडा टाकून झाकण लावावं. पेलेट ग्रिलमध्ये धूर मिळतो, पण आग आणि जाळी यांच्यामध्ये पत्रा असल्याने साल नीट करपत नाही. पनीर, कणीस, वांगं, बांगडा असा ज्यांच्या घरचा बेत असतो, त्यांच्यासाठी ते माझ्या मते चुकीचं यंत्र. ज्यांना रात्रभर मांसाचा मोठा तुकडा शिजवायचा असतो, त्यांना ते लखलाभ. (पनीर जाळीवर वितळत का नाही? आंबट घालून नासवताना दुधातलं बरंचसं कॅल्शियम पाण्यात निघून जातं, आणि उरलेली प्रथिनं एकमेकांना इतकी घट्ट चिकटतात, की तापली तरी वाहत नाहीत.)

तर मग घ्यायचं काय? कामावरून सातला घरी येऊन साडेसातला पोरांना जेवायला वाढायचं असेल तर गॅस, तीन बर्नरचा. एक बर्नर बंद ठेवला की सरकवायची जागा आपोआप मिळते. संध्याकाळी निखारे तयार व्हायला वीस मिनिटं देता येत असतील तर बावीस इंची गोल ‘किटली’ (स्टीफन यांच्या त्या दोन अर्धगोलांसारखं ग्रिल) घ्यावी. पैसेही वाचतात आणि वांगंही खूश. कोळशासाठी पत्र्याचं उभं नळकांडं सोबत घ्यावं. खाली कागद पेटवला की वर चढणाऱ्या गरम हवेच्या ओढीने सगळा कोळसा धगधगतो, रॉकेलसारखं काही ओतावं लागत नाही. गॅरेजमध्ये मात्र दार उघडं ठेवूनही पेटवू नये. निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

इमारतीत राहणाऱ्यांना अनेक शहरांत बाल्कनीत कोळसा किंवा गॅस वापरायला बंदी असते. त्यांच्यासाठी विजेचं ग्रिल उरतं. त्याची लाल कांब झळ छान फेकते, तिथे तक्रार नाही. अडचण भिंतीत आहे. अमेरिकेतल्या साध्या प्लगमध्ये १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त १,८०० वॉट. भारतातल्या १६ अँपिअरच्या पॉवर प्लगमधून त्याच्या दुप्पट मिळू शकतात. म्हणून तिकडे विजेचं ग्रिल घेताना मोठ्या जाळीचा मोह सोडावा. जाळी छोटी असावी, कांब तिच्या अगदी जवळ असावी आणि झाकण घट्ट बसावं. तेवढ्या विजेत मग चार कणसं तरी नीट भाजली जातात.