नाइटक्लबमधील दुर्घटना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाइटक्लबला आग लागली की आतली माणसे जळून मरतात, असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात बहुतेक बळी धुराचे असतात. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आणि छताला चिकटवलेला पॉलियुरेथेन फोम पेटला, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे वायू बाहेर पडतात. अशा दाट धुरात काही श्वासांतच माणसाची शुद्ध हरपते. 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत, लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या दोन रेस्टोपबना आग लागली आणि 14 जण गेले. त्यांतले बहुतेक जण स्वच्छतागृहात गुदमरले. जीव वाचवायला म्हणून ते तिथे शिरले होते, पण तिथून पुढे वाट नव्हती.

मरणारे सगळे मौजेसाठी आलेले ग्राहकच असतात, हेही खरे नाही. गोव्यात हडफडे येथे डिसेंबर 2025 मध्ये क्लबला लागलेल्या आगीत 25 जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक तिथेच राबणारे कर्मचारी होते आणि त्यांतले अनेक तळघरातल्या स्वयंपाकघरात अडकले होते. सुरक्षेचा विचार नाचण्याच्या जागेपाशी थांबतो, तेव्हा त्याची किंमत भांडी घासणारा पोऱ्या मोजतो.

‘लोक घाबरून सैरावैरा पळतात, म्हणून चेंगराचेंगरी होते’ हा तिसरा समज. तो मृतांवर अन्याय करणारा आहे. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, वेस्ट वॉर्विक येथील ‘द स्टेशन’ या क्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीने फोम पेटला. त्या वेळी आत एका दूरचित्रवाणी वाहिनीचा कॅमेरा चालू होता, त्यामुळे क्रम नीट कळतो. सुरुवातीचे काही क्षण लोक जागच्या जागी उभे आहेत. ज्वाळा कार्यक्रमाचाच भाग असाव्यात, असे अनेकांना वाटले. मग बहुतेक जण ज्या दाराने आले, त्याच दाराकडे वळले. दुसरी दारे होती, पण सवयीची वाट एकच होती. सरकारी तपासानुसार साधारण दीड मिनिटात मुख्य दालनात जिवंत राहणे अशक्य झाले आणि त्याच सुमारास पुढच्या दारात माणसांचा खच पडून वाट बंद झाली. 100 जण मेले. इथे दोष गर्दीच्या स्वभावाचा नाही. तो भिंतीवरच्या फोमचा, अरुंद वाटेचा आणि नजरेत न भरणाऱ्या दारांचा आहे.

त्याच तपासात क्लबच्या दालनाची प्रतिकृती उभारून ती पेटवण्यात आली. पाण्याचे स्वयंचलित फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, बसवलेल्या प्रतिकृतीत माणूस तग धरू शकेल अशी स्थिती टिकली. फवारे नसलेल्या प्रतिकृतीत ती टिकली नाही. तरीही ‘एक फवारा सुटला की सगळे सुटतात, सामान भिजून नुकसान होते’ म्हणून अनेक मालक ते टाळतात. सिनेमात तसे दाखवतात खरे, पण सर्वसाधारण यंत्रणेत प्रत्येक फवारा स्वतंत्र असतो. त्याच्या तोंडाशी असलेली काचेची छोटी कुपी साधारण 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि फक्त तेवढ्या जागेवर पाणी पडते.

धोका केवळ आगीचा असतो असेही नाही. एप्रिल 2025 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीत ‘जेट सेट’ या क्लबचे छतच भर कार्यक्रमात कोसळले आणि 230 हून अधिक माणसे दगावली. जुन्या छतावर थरांमागून थर आणि यंत्रे चढवताना त्याची भार पेलण्याची ताकद तपासावीच लागते.

‘दाखला आहे, म्हणजे जागा सुरक्षित आहे’ हा समज सर्वांत घातक. बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ क्लबची तपासणी आगीच्या जेमतेम आठवडाभर आधी झाली होती आणि शेरा चांगला मिळाला होता. 28 नोव्हेंबर 1942 च्या रात्री तिथे 492 जण मेले. पुढचा फिरता दरवाजा माणसांच्या रेट्याने अडकला आणि काही दारांना कुलपे होती. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत, असे दोनदा, द्यावे लागते. ती जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. प्रमाणपत्र दिल्यानंतर जिन्यात दारूचे खोके रचले, तर त्या कागदाला अर्थ उरत नाही.

‘मालक त्या रात्री हजर नव्हता, मग तो दोषी कसा?’ असेही विचारले जाते. कोकोनट ग्रोव्हचा मालक आगीच्या वेळी रुग्णालयात होता. तरीही त्याला मनुष्यवधासाठी शिक्षा झाली आणि 1944 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. दारे बंद ठेवण्याची पद्धत त्याच्याच धंद्याची होती, हे न्यायालयाला पुरेसे वाटले. भारतात निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जीव जाण्याचा संभव माहीत असूनही कृत्य केल्याचे ठरले, तर कलम 105 लागते आणि शिक्षा बरीच वाढते.

भरपाई एकट्या मालकानेच द्यायची असते, असेही नाही. ‘द स्टेशन’ प्रकरणात एकूण सुमारे 17 कोटी 60 लाख डॉलरची तडजोड झाली. त्यात फोम बनवणाऱ्यांपासून बिअर कंपनीपर्यंत अनेकांनी वाटा उचलला. राज्य आणि नगर प्रशासनाने प्रत्येकी एक कोटी डॉलर दिले. भारतात चित्र वेगळे आहे. 1997 साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत 59 जण गेले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा 85 टक्के भार चित्रपटगृहावर आणि 15 टक्के वीज मंडळावर टाकला. महापालिका आणि परवाना देणारे पोलीस मात्र त्यातून सुटले. कारण अशा यंत्रणांकडून भरपाई मिळवायची, तर नुसता निष्काळजीपणा पुरत नाही, अधिकाराचा जाणूनबुजून गैरवापर सिद्ध व्हावा लागतो. कुलूपबंद दाराकडे काणाडोळा करून शेरा देणाऱ्यालाही भरपाईत वाटेकरी करणारी तरतूद आता कायद्यातच यायला हवी.