अठरा तासांचा एक दिवस की दोन तासांचे वर्ष?

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की ठिकठिकाणी बुद्धविहारांत आणि वाचनालयांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. परमपूज्य बाबासाहेबांना पुस्तक हाती घेऊन केलेले हे अभिवादन फार मोलाचे आहे. सतरंज्या अंथरण्यापासून चहा वाटण्यापर्यंत सगळी कामे मी या उपक्रमात केली आहेत. पण त्या दिवसानंतर मुलांचे काय होते, हे आपण कार्यकर्ते फारसे पाहत नाही.

आमच्या वेरूळच्या वस्तीतील एका मुलाने अशाच एका कार्यक्रमात सर्वांसमोर उभे राहून संकल्प केला, "मी रोज १८ तास अभ्यास करणार आणि कलेक्टर होणार!" टाळ्या पडल्या. वडील लेण्यांच्या वाटेवर हातगाडी लावतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पहिले दोन दिवस पोरगा खरोखरच रात्री उशिरापर्यंत जागला. तिसऱ्या दिवशी सहा तास झाले, पाचव्या दिवशी दोन. आठवड्याभरात पुस्तकांवर धूळ बसली. पुढे त्याने विहारात येणेच सोडले. एकदा वाटेत गाठ पडली, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "काका, बाबासाहेबांचे नाव घ्यायची माझी लायकी नाही."

हे वाक्य मला आजही बोचते. दोन तास मन लावून अभ्यास करणारा मुलगा स्वतःला नालायक समजू लागला, तो कुणामुळे? आपण त्याच्या हाती चुकीचे माप दिले म्हणून.

मी पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. मला जमाखर्च तेवढा कळतो. रोज दोन तास अभ्यास केला तर वर्षाचे ७३० तास होतात. एवढे तास भरायला १८ तासांचे चाळीसहून थोडे जास्त दिवस लागतील. असे चाळीस दिवस आपल्यापैकी किती जणांना जमतील? उलट रोजचे दोन तास हमालाच्या मुलाला जमतात आणि मोलकरणीच्या मुलीलाही जमतात. मात्र ते रोज झाले पाहिजेत.

बाबासाहेबांचे १८ तास आपल्याला पाठ आहेत, पण त्यांचे नियोजन आपण मुलांना सांगत नाही. १९१६ साली ते लंडनला शिकायला गेले. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली. दुसरा एखादा खचून गेला असता. बाबासाहेबांनी निघतानाच विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी मिळवली होती. म्हणजे ध्येय सोडले नाही, त्याला मुदत बांधून घेतली.

मग पुढची पायरी पैशाची. १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांचे साह्य मिळाले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये ती पदवीही मिळवली. स्वप्न डोंगराएवढे होते, पण प्रत्येक पायरी त्या वेळी पाय पोहोचेल एवढीच होती.

हेच बाबासाहेब १९३४ साली सहकाऱ्यांसह आमच्या भागात आले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहणे हा त्या सहलीचा एक हेतू होता. आपणही मुलाबाळांना लेणी दाखवायला आणतो, फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी मुलांना जरा थांबवून बारावे लेणे नीट दाखवा. एकाच कातळात तीन मजले कोरले आहेत. ते एका घावात झाले नाहीत. कातळावर छिन्नी लावायची, कपचा काढायचा, पुन्हा छिन्नी लावायची, असे पिढ्यान्‌पिढ्यांचे ते काम आहे. पुढे बत्तिसाव्या जैन लेण्यात वरचा मजला नक्षीकामाने भरलेला आहे आणि खालचा अपुरा राहिला आहे. पण जेवढे काम पूर्ण झाले, तेवढे हजार वर्षांनंतरही पूर्णच आहे. खाली अपुरे राहिले म्हणून वरचे वाया गेले नाही.

तथागतांच्या काळातील सोण भिक्खूची गोष्ट अनेक उपासकांना माहीत असेल. श्रीमंत घरातला सोण साधनेला लागला आणि चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तरी फळ दिसेना, म्हणून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला तेवढेच विचारले, की तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? आणि फार सैल सोडल्या तर? सोण समजला. त्याने साधना सोडली नाही, फक्त तार नीट लावली.

मग आपली तार कशी लावायची? अनुभवाने सुचलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, आपल्या हातात असेल तेच ठरवावे. स्पर्धा परीक्षांना अर्ज लाखांनी येतात, जागा शेकड्यांत असतात. निवड होणे आपल्या हाती नाही, आजची दहा पाने वाचणे आहे. रोज दहा पाने म्हणजे तीनशे पानांचे पुस्तक महिन्यात संपते.

दुसरी, मुदत आणि दुसरी वाट दोन्ही आधीच ठरवाव्यात. इतके प्रयत्न, इतकी वर्षे, आणि तोवर पदवी किंवा आयटीआय पूर्ण. बापाचा प्रॉव्हिडंट फंड संपल्यावर दुसरी वाट शोधणे फार महागात पडते.

तिसरी, लिहून ठेवावे. भिंतीवर 'मी कलेक्टर होणार' असे लिहिण्यापेक्षा कॅलेंडरवर झालेल्या दिवसावर खूण करावी. पैशाचेही तसेच. 'घर बांधायचे' म्हटले की छाती दडपते. रोज २० रुपये बाजूला टाकले तर महिन्याला ६०० होतात. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत व्याज सोडूनही ३६,००० रुपये जमतात. घर होणार नाही, पण मुलीच्या फीसाठी सावकाराच्या दारात उभे राहावे लागणार नाही. एखादा दिवस चुकला तर रडत बसू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

चौथी, एकट्याने झगडू नये. पाचव्या लेण्यात दोन लांबलचक दगडी बाके आहेत. भिक्खू तिथे समोरासमोर ओळीने बसत असावेत. आपले विहारही संध्याकाळी दोन तास असेच उघडे ठेवता येतील. घरोघरी तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवता येईल.

आणि माता-भगिनींना एक विनंती. मुलाला आपण 'अभ्यासाला बस' म्हणतो आणि मुलीला 'आधी भांडी घास' म्हणतो. तिचे दोन तास तिला मिळतात का, हे आज रात्रीच पाहा. ते मिळत नसतील तर ती मागे पडल्याचा दोष तिच्या बुद्धीला देऊ नका.

त्या मुलाला मी पुन्हा विहारात आणले. त्याच्याशी एवढेच ठरवले, की संध्याकाळी सात ते नऊ बसायचे आणि वडिलांची गाडी आवरायला साडेनऊला जायचे. पहिल्या महिन्यात त्याचे २३ दिवस भरले. कॅलेंडर दाखवताना त्याची मान वर होती. तो कलेक्टर होईल की नाही, मला सांगता येणार नाही. पण यंदा तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या शेजारी त्याची बहीणही येऊन बसते.

येत्या १४ एप्रिलला १८ तास अभ्यास जरूर करा. मात्र उठताना प्रत्येकाने १५ एप्रिलला किती वेळ आणि काय वाचणार, ते एका कागदावर लिहून विहारात ठेवावे. आणि पुढच्या १४ एप्रिलला तो कागद सर्वांनी मिळून उघडावा.

जय भीम!