गाडीत आठवा, रात्री झोपा

सकाळी सातच्या सुमारास डोंबिवलीहून लोकल पकडायची, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने ऐरोली किंवा घणसोली गाठायची, संध्याकाळी तीच गर्दी उलट्या दिशेने पार करून साडेआठला घरी यायचे आणि जेवून अभ्यासाला बसायचे. नोकरी सांभाळून फेब्रुवारीतल्या ‘गेट’ची तयारी करणाऱ्या ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या अनेक अभियंत्यांचा दिवस असाच जातो. या परीक्षेवर आयआयटीतला एम.टेक.चा प्रवेश आणि दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती अवलंबून असते. काही सार्वजनिक उपक्रमही याच गुणांवर उमेदवार निवडतात. त्यामुळे वेळ कमी पडू लागला की पहिली कात्री लागते ती झोपेला. रात्री एकपर्यंत पुस्तक आणि पहाटे पाचला गजर. घरच्यांनाही हे कौतुकाचे वाटते. विज्ञानाचा हिशेब मात्र वेगळा निघतो.

झोप कापण्याची किंमत

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस रोज फक्त ४ किंवा ६ तास झोपू दिले. शेवटी लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना स्वतःला ते फारसे जाणवत नव्हते. ‘मला पाच तास पुरतात’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दिवसभरात शिकलेले आधी मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाच्या मदतीने टिपले जाते. गाढ झोपेत त्याची उजळणी होते आणि ते हळूहळू मेंदूच्या बाह्यस्तरात पक्के होते. झोप कापली की अभ्यास होतो, पण मुरत नाही.

‘गेट’मध्ये ३ तासांत १०० गुणांचे ६५ प्रश्न असतात. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले, तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो. झोप न झालेला माणूस सूत्र विसरतोच असे नाही. तो एकक चुकतो, प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द नजरेआड करतो आणि येत असलेल्या प्रश्नाचेही गुण घालवतो.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

मग वेळ आणायचा कुठून? उत्तर अभ्यासाच्या पद्धतीत आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच आपण ज्ञान समजतो. ‘गेट’च्या संख्यात्मक प्रश्नांत तर पर्यायच नसतात. तिथे ओळख उपयोगी पडत नाही, आठवावेच लागते.

आणि आठवण्यासाठी टेबल-खुर्ची लागत नाही. ‘फोर्थ सीट’वर अर्धवट टेकून किंवा डब्यात आत उभे राहूनही ते जमते.

• रात्री अभ्यासलेल्या विषयाचे पाच प्रश्न एका चिठ्ठीवर लिहा. सकाळी गाडीत चिठ्ठी एकदा पाहून खिशात ठेवा आणि उत्तरे मनातल्या मनात मांडा.

• जे आठवले नाही तेच संध्याकाळी उघडा. सगळे प्रकरण पुन्हा वाचू नका.

• तीच चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने काढा. अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते.

• दारात उभे राहून मोबाइल किंवा इअरफोन नको. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. कोणतीही उजळणी त्या जोखमीच्या मोलाची नाही.

• गणिते सोडवण्याचे काम रविवारी घरी किंवा अभ्यासिकेत ठेवा. सराव परीक्षा पूर्ण तीन तासांची, खऱ्या सत्राच्याच वेळेला आणि संगणकाच्या पडद्यावरील कॅल्क्युलेटर वापरून द्या. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही.

चहा-कॉफीचाही हिशेब ठेवा. शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. त्यामुळे ऑफिसातून निघतानाची कडक कॉफी रात्री अकरापर्यंत पुरती उतरलेली नसते. शेवटचा कप दुपारीच घ्या.

शेवटच्या आठवड्यात नवे प्रकरण उघडू नका. सकाळचे सत्र असेल, तर सात-आठ दिवस आधीपासून उठण्याची वेळ तशी जुळवा. केंद्र लांब असेल, तर मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक आधी तपासा.

आदल्या रात्री झोप उशिरा लागली, तर घाबरू नका. आधीचे आठवडे नीट झोपलेल्याचे एका रात्रीने फारसे बिघडत नाही. पण आठवड्यामागून आठवडे झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल किंवा सारे व्यर्थ वाटू लागले असेल, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. परीक्षा दरवर्षी होते. तब्येत सांभाळली, तर ती पुन्हा देता येते.