गाण्यासाठी संगणक घेताना

मीरा रोडच्या नयानगरमधला एक तरुण माझ्या गझलांना चाली लावतो. आता त्याला घरीच ध्वनिमुद्रण करायचं आहे. संगणकासाठी आईने भिशीचे पैसे बाजूला ठेवलेत. दुकानदार म्हणतो, सोळा कोरचा प्रोसेसर घ्या. मी म्हणतो, जरा थांबा.

कोर म्हणजे काम करणारे हात. पण गाणाऱ्याच्या आवाजावरची कामं एकामागून एकच होतात. आधी खरखर काढायची, मग चढउतार सांभाळायचे, मग घुमारा द्यायचा. पोळी लाटल्याशिवाय भाजता येत नाही. तिथे सोळा हात काय करणार? तिथे एकेका हाताचा वेग हवा.

संगणक आवाजाचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने घेतो आणि गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. १२८ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, १,०२४चा म्हणजे २३. आवाज आत जाताना आणि बाहेर येताना, दोनदा हा उशीर होतो. गठ्ठा मोठा असेल तर गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि सम हुकते. गठ्ठा लहान ठेवला आणि प्रोसेसर वेळेत पुरा पडला नाही, तर आवाजात कटकट उमटते.

चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे शंभर ट्रॅक एकत्र करणाऱ्याला जास्त कोर जरूर घेऊ द्या. गळा, हार्मोनियम, तबला एवढ्यासाठी सहा-आठ वेगवान कोर पुरेत. शिवाय फार तापणाऱ्या प्रोसेसरचा पंखा घोंघावतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत तो थेट माइकमध्ये शिरतो.

वाचलेल्या पैशांत चांगला माइक येईल. भिंतींचा घुमारा शोषायला घरात गोधड्या आहेतच.