छेद चुकला की उत्तर चुकतं: मीडिया प्लॅनिंगमधल्या वर्गवारीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

जाहिरात एजन्सीत मीडिया प्लॅनिंगचं नवं सॉफ्टवेअर आलं की आधी मास्टर भरावे लागतात: क्लायंट कोण, त्याची उत्पादनं कोणती, कुठलं उत्पादन कुठल्या कॅटेगरीत, ती कॅटेगरी कुठल्या मोठ्या गटात. हे काम कारकुनी समजलं जातं आणि ज्याला वेळ असेल त्याच्या गळ्यात पडतं. पण प्लॅनर क्लायंटपुढे जे आकडे ठेवतो, त्यांतले कितीतरी भागाकारातून निघालेले असतात आणि त्या भागाकाराचा छेद कॅटेगरी पुरवते. अंश कितीही काळजीने मोजला तरी छेद चुकला की उत्तर चुकतं. वर ते चुकीचं उत्तर दिसायला अगदी बरोबर उत्तरासारखंच दिसतं. वर्गवारीविषयीचे प्रचलित समज या कसोटीवर घासून पाहायला हवेत.

गैरसमज १: कॅटेगरी म्हणजे यादी नीटनेटकी दिसावी म्हणून लावलेलं लेबल.

वस्तुस्थिती: 'शेअर ऑफ व्हॉइस' हा आकडा घ्या. कॅटेगरीतल्या सगळ्या ब्रँडच्या जाहिरातींनी मिळून जेवढे जीआरपी (जाहिरात किती लोकांपर्यंत किती वेळा पोहोचली याचं माप) मिळवले, त्यांतला आपल्या ब्रँडचा वाटा म्हणजे हा आकडा. समजा, दुधात घालायच्या एका पावडरीला महिन्यात २०० जीआरपी मिळाले. माल्टयुक्त पेयांच्या कॅटेगरीची बेरीज १,००० असेल, तर वाटा २० टक्के. तीच पावडर चहा, कॉफी, सरबतं, शीतपेयं अशा सगळ्यांना सामावणाऱ्या 'पेये' या गटात मोजली आणि तिथली बेरीज ४,००० निघाली, तर वाटा ५ टक्के. जाहिरात तीच, खर्च तोच. पण पहिला आकडा पाहून क्लायंट निर्धास्त राहील आणि दुसरा पाहून बजेट वाढवायला निघेल. प्रतिस्पर्ध्याची जाहिरात आपल्या जाहिरातीला लागून येऊ नये, अशी अट घालायची झाली तरी प्रतिस्पर्धी कोण हे सॉफ्टवेअर कॅटेगरीवरूनच ओळखतं.

गैरसमज २: क्लायंटखाली उत्पादनं मांडली की वर्गवारी झाली, एकच उतरंड पुरे.

वस्तुस्थिती: मालकी आणि स्पर्धा ही दोन वेगळी नाती आहेत. मंजुरी कोण देणार, बिल कुणाच्या नावाने काढायचं, बजेट कुठल्या खात्यातून येणार, हे क्लायंटच्या उतरंडीवरून ठरतं. उत्पादनाची तुलना कुणाशी करायची, हे कॅटेगरीच्या उतरंडीवरून ठरतं. हॉर्लिक्स २०२० च्या एप्रिलमध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअरच्या विलीनीकरणासोबत हिंदुस्थान युनिलिव्हरकडे आलं. त्याआधी २०१९ मध्ये कॉम्प्लान हाइन्झकडून झायडस वेलनेसकडे गेलं होतं. दोघांचे मालक बदलले, पण दुकानाच्या फळीवरची त्यांची चुरस होती तशीच राहिली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटेगरी क्लायंटच्या पोटात बांधलेली असते, तिथे असं विलीनीकरण झालं की उत्पादनाचा जुना इतिहास एका फांदीवर आणि नवा दुसऱ्या फांदीवर पडतो, आणि पाच वर्षांचा आलेख मधेच तुटतो. दोन उतरंडी स्वतंत्र ठेवून उत्पादन दोन्हींना जोडलं, तर फक्त मालकाचा दुवा बदलावा लागतो.

गैरसमज ३: सरकारी वर्गीकरण तयार आहे, करासाठीचे एचएसएन कोड घेतले की काम भागलं.

वस्तुस्थिती: प्रत्येक वर्गीकरण आपापल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जन्माला येतं. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल की केशतेल, हा उत्पादन शुल्काच्या काळातला वाद. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाले आणि प्रकरण तीन न्यायाधीशांपुढे गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला: केवळ बाटली छोटी म्हणून ते केशतेल ठरत नाही, केशतेलाच्या अटी पूर्ण होत नसतील, तर ते खाद्यतेलच. जीएसटीत तेव्हा खाद्यतेलाला ५ टक्के आणि केशतेलाला १८ टक्के दर होता, म्हणून हा प्रश्न लाखमोलाचा. प्लॅनरचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जाहिरातीत लांबसडक केस दाखवले असतील, तर पाहणाऱ्याच्या मनातली स्पर्धा केशतेलांशीच होते, पावतीवर काहीही छापलेलं असो. मग खोबरेल दोन्ही कॅटेगरींत घालावं का? घातलं तर बेरजेत ते दोनदा मोजलं जाईल. म्हणून बेरजेसाठी एकच मुख्य जागा ठरवावी आणि तुलनेसाठी प्रतिस्पर्ध्यांची यादी वेगळी जोडावी.

गैरसमज ४: पायऱ्या जितक्या जास्त, तितकं विश्लेषण अचूक.

वस्तुस्थिती: केशतेल, मग खोबरेल केशतेल, मग सुगंधी खोबरेल केशतेल, असं उतरत गेलं की शेवटच्या पायरीवर दोनच ब्रँड उरतात. तिथे ६० टक्के वाटा असल्याचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. शिवाय स्पर्धकांच्या जाहिरातींची नोंद बाहेरच्या संस्थेकडून येते आणि तिची वर्गवारी तिच्या पद्धतीची असते. आपली पायरी तिच्याहून बारीक असली, तर छेदात भरायला आकडाच मिळत नाही. एखाद्या पायरीवर कुणाचाच निर्णय अवलंबून नसेल, तर ती काढून टाकलेली बरी. 'केशतेल–महाराष्ट्र' असे भाग पाडण्याचा मोहही टाळावा. बाजारपेठ हे वेगळं परिमाण आहे. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या आकडेवारीत महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक बाजारपेठ धरली जाते. बाजारपेठेची निवड अहवाल काढताना करता येते, उत्पादनाच्या जागेत ती कोंबू नये.

गैरसमज ५: आज काहीतरी भरून टाका, नंतर कधीही बदलता येईल.

वस्तुस्थिती: बदल दोन प्रकारचे असतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात या नावाची व्याख्याच नाही. त्यानंतर हिंदुस्थान युनिलिव्हरनेही आपल्या हॉर्लिक्ससारख्या पेयांच्या विभागाचं नाव बदललं. हा नावातला बदल झाला. कॅटेगरीचा कोड कायम ठेवून नाव बदलता येतं, इतिहासाला धक्का लागत नाही. पण उत्पादन एका कॅटेगरीतून दुसरीत हलवलं की दोन्हींचे छेद बदलतात, आणि तारखेची नोंद न ठेवता हलवलं तर मागच्या वर्षी क्लायंटला दिलेला अहवाल आज पुन्हा काढल्यावर वेगळाच निघतो.

यावर आक्षेप येतो की हे सगळं मोठ्या एजन्सीचं दुखणं; वीसेक स्थानिक सराफ, बिल्डर आणि क्लासवाल्यांची कामं पाहणाऱ्या छोट्या एजन्सीला एक्सेलची एक शीट पुरते. पायऱ्यांच्या बाबतीत हे खरंच आहे, तिथे एकच पुरेल. पण मालकी आणि स्पर्धा यांचे दोन वेगळे रकाने त्या शीटमध्येही लागतात, कारण एकाच घराण्याची सराफी पेढी आणि गृहप्रकल्प असतील तर बिलं एका पत्त्यावर जातात आणि स्पर्धक पूर्णपणे वेगळे असतात. म्हणून उत्पादन कुठल्या कॅटेगरीत बसवायचं, याचा निर्णय मास्टर भरणाऱ्यावर सोडू नये. वाट्याचा आकडा ज्याला क्लायंटपुढे मांडायचा आहे, त्या प्लॅनरनेच तो घ्यावा. छेदाचा जाब त्यालाच द्यावा लागणार आहे.